फोटोच्या पाठीवर नाव लिहा

वाचकहो, घरातल्या सोप्यात उभे राहून आढ्याखालच्या भिंतीकडे एकदा नीट बघा. देवादिकांच्या तसबिरी संपल्या की घरच्या माणसांचे फोटो लागतात. पटका बांधून, हातात काठी घेऊन खुर्चीत ताठ बसलेले पणजोबा. इरकल नेसलेली, गळ्यात साज घातलेली, मांडीवर लेकरू घेतलेली आज्जी. शाळेच्या पायरीवर ओळीने बसलेली पोरे, मधोमध मास्तर, आणि पुढे पाटीवर खडूने लिहिलेली इयत्ता. घरातल्या धाकट्या पोराला जवळ बोलवा आणि विचारा, "बाळ, हे कोण?" तो म्हणेल, "आजोबांचे बाबा." नाव विचारा. मग स्वतःलाही विचारा, आज्जीच्या मांडीवरचे ते लेकरू कोण? मास्तरांच्या उजव्या हाताला बसलेला पोरगा कोणाचा?

बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. फोटो आहे, काच आहे, चौकट आहे, पण नाव नाही. ज्यांना नाव ठाऊक आहे ती माणसे आज ऐंशी-नव्वदीला टेकली आहेत. म्हणून हा विषय आजच काढायला हवा. पुढच्या सुगीवर ढकलून चालणार नाही.

विलायतेत काय झाले

फोटो काढण्याची विद्या १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि थोड्याच दिवसांत ती आपल्या देशात पोचली. मुंबईत तर १८५४ सालीच फोटोग्राफीची संस्था निघाली. पण ही सारी शहरातली आणि साहेबलोकांतली गोष्ट. खेड्यात कॅमेरा यायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

विलायतेत मात्र एक नवल घडले. फ्रान्सिस फ्रिथ नावाचे एक गृहस्थ होते. लिव्हरपूलला त्यांचा किराणा मालाचा घाऊक धंदा होता. तो विकून त्यांनी कॅमेरा हाती घेतला, इजिप्त देशाचे फोटो काढून नाव मिळवले आणि १८६० च्या सुमारास स्वतःची कंपनी काढली. त्यांचा संकल्प असा, की ब्रिटनमधल्या प्रत्येक शहराचा आणि खेड्याचा फोटो काढायचा. १८९८ साली ते वारले, पण घरच्यांनी काम पुढे चालू ठेवले. १९७१ साली कंपनी बंद झाली तेव्हा सुमारे सात हजार गावांचे तीन लाखांवर फोटो जमले होते.

हा काही धर्मादाय नव्हता, धंदाच होता. लोक आपल्या गावाचे चित्र असलेली पोस्टकार्डे विकत घेत. पण कोणता फोटो कोणत्या गावचा, याची नोंद राहिली. त्यामुळे आज तिकडचा एखादा म्हातारा माणूस आपल्या लहानपणीच्या गावाचा फोटो मागवू शकतो. तो हातात आला की आठवणी आपोआप सुटतात. या कोपऱ्यावर पाववाल्याचे दुकान होते, या हापशावर आम्ही पाणी पीत होतो, या भिंतीवर बसून शाळा चुकवली. फोटो आठवणीला जागे करतो आणि आठवण फोटोला बोलते करते. दोन्हींची जोडी बैलांसारखी आहे. एकट्याने औत ओढत नाही.

आता याच इंग्रजांनी आपल्या देशात काय केले तेही बघा. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातल्या लोकांच्या फोटोंचे आठ मोठे खंड छापले. चारशेच्या वर फोटो आहेत. पण बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही. अमुक जात, तमुक जमात, एवढेच लिहिलेले. साहेबाला माणूस नको होता, नमुना हवा होता. साहेबाने नाव लिहिले नाही त्याला निदान हे एक कारण तरी होते. आपण आपल्याच आज्ज्याचे नाव लिहीत नाही, याला काय कारण सांगायचे?

आपल्या गारगोटीकडे

वेदगंगेच्या काठची गारगोटी म्हणजे भुदरगड तालुक्याची कचेरी, बाजार आणि शाळा-कॉलेजांचे ठिकाण. इथल्या खेड्याखेड्यात कोणी फ्रिथ आला नाही. आपल्याकडे जे फोटो आहेत ते कोल्हापूरच्या स्टुडिओत, जत्रेत किंवा शाळेत निघाले. कोल्हापुरात कॅमेऱ्याची परंपरा मोठी. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. अशा शहरात खेड्यातला माणूस कोर्टाच्या कामाला किंवा अंबाबाईच्या दर्शनाला गेला, की रंगवलेल्या पडद्यापुढे बसून एखादा फोटो काढून येई. तो फोटो ट्रंकेत जपला जाई आणि घरात लग्नकार्य निघाले की काच बसवून भिंतीवर चढे.

या गावाचा एक दिवस साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असायला हवा. 'चले जाव'च्या लढ्यात १३ डिसेंबर १९४२ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला आणि त्यात सात जणांनी प्राण दिले. त्यांतली स्वामी आणि वारके ही दोन नावे आपल्या भागातल्या सूतगिरणीलाच दिलेली असल्याने रोज लोकांच्या तोंडी येतात. पण विचार करा, त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले पोर आज नव्वदी ओलांडून गेले आहे. त्या वेळी कचेरीपुढचा रस्ता कसा होता, झाडे कोणती होती, लोक कोणत्या वाटेने गावात येत, दुसऱ्या दिवशी घराघरांत काय बोलणे झाले, हे सांगणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. जुन्या गारगोटीचा एखादा फोटो अशा माणसाच्या हातात दिला, तर इतिहासाच्या पुस्तकात नाही ते त्याच्या तोंडून निघेल.

दुसरी गोष्ट मौनी विद्यापीठाची. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले डॉ. जे. पी. नाईक पुढे देशाच्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्याआधी त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव देऊन गारगोटीत खेड्यातल्या मुलांसाठी ही संस्था उभी केली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत तिथल्या शिक्षणाचा, शिबिराचा किंवा संमेलनाचा समूहफोटो असेल. १९८१ साली नाईकसाहेब गेले. मधल्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसाचे नाव पुस्तकात मिळेल. पण कडेला उभा असलेला शिपाई, वसतिगृहात भाकरी करणारी बाई, मागच्या ओळीत टाचा उंचावून उभे राहिलेले शेतकऱ्याचे पोर, यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. ती मिळाली तर तुमच्या-आमच्या घरातच मिळतील.

फोटोत जे नाही ते

जुने फोटो एका बाबतीत आपल्याला फसवतात. फोटो काढायचा म्हणजे माणूस धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून बसणार. म्हणून आपले वाडवडील फोटोत नेहमी पाहुण्यासारखे दिसतात. चिखलात रोप लावणारी, मोट हाकणारी, मळणीला बैलांमागे फिरणारी, पहाटे जात्यावर बसणारी माणसे फोटोत क्वचितच सापडतात. कॅमेऱ्यापुढे हलायचेही नसे, म्हणून तोंडावर हसू कमी. त्यावरून आज्जा रागीट होता असे नातवाने समजू नये.

बायांचे तर विचारूच नका. पुष्कळ आज्ज्यांचा उभ्या जन्मात एकही फोटो निघाला नाही. १९९३ नंतर मतदारांची ओळखपत्रे आली तेव्हा कितीतरी जणींना पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे बसावे लागले. ज्या बाईने घर उभे केले तिचा एवढाच एक फोटो असेल, तर निदान त्यामागे तिचे पूर्ण नाव, माहेरचे गाव आणि माहेरचे नाव लिहिलेले असावे.

म्हणून फोटोत दिसते तेवढेच विचारू नका, फोटोबाहेरचेही विचारा. त्या वर्षी शिवारात काय पेरले होते? बैलांची नावे काय होती? विहिरीला पाणी किती हातांवर होते? अंगावरचे लुगडे कोणत्या बाजारातून आणले? शाळेला किती मैल चालत जावे लागे? अशा साध्या प्रश्नांनी म्हातारी माणसे मोकळी होतात. "तुमचे बालपण सांगा," असे एकदम म्हटले तर ती म्हणतात, "आमचं काय सांगायचं!"

काळजी कशी घ्यावी

२०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला. धान्य गेले, जनावरे गेली, त्याबरोबर अनेक घरांतले फोटोही गेले. धान्य पुढच्या हंगामात परत येते, फोटो येत नाही. शिवाय जुने घर पाडून नवे बांधताना, भावाभावांत वाटण्या होताना फोटो कुठल्या कुठे जातात. तेव्हा एवढे करा.

पहिले म्हणजे, भिंतीवरचा आणि ट्रंकेतला प्रत्येक फोटो दिवसाउजेडी मोबाइलवर टिपून ठेवा. उन्हाची तिरीप काचेवर येणार नाही असे बघा. टिपलेला फोटो एकाच मोबाइलवर ठेवू नका, भावकीतल्या दोन-चार जणांना पाठवा.

दुसरे, फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहा. बॉलपेनाची शाई उमटते आणि टोकाचा वळ पुढे दिसतो. डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव, गाव, साल आणि प्रसंग लिहा. साल नक्की माहीत नसेल तर "थोरल्याच्या लग्नाआधी" किंवा "बहात्तरच्या दुष्काळाच्या साली" असे लिहिले तरी चालते. नावाची खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा ते बरे.

तिसरे, हळद-कुंकू वाहायचे ते काचेला लावा, उघड्या फोटोला नको. चुलीच्या धुराजवळ आणि ओल धरणाऱ्या भिंतीवर फोटो टांगू नका. ट्रंकेतले फोटो साध्या कोऱ्या कागदात वेगवेगळे गुंडाळा आणि ट्रंक जमिनीपासून वर ठेवा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही टळतात.

चौथे, फोटो भिजलाच तर घाबरून पुसू नका. स्वच्छ गार पाण्यात हलकेच बुचकळून सुती कापडावर, चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकटच मोबाइलवर टिपा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

आणि पाचवे, गावात जुन्या फोटोंचा एक दिवस करा. शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या मंडपात घरोघरचे फोटो एका दिवसापुरते मांडा, म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या द्या आणि पोरांच्या हातात वह्या द्या. एका घरात ज्याचे नाव कोणाला येत नाही, त्याला दुसऱ्या घरातली म्हातारी चटकन ओळखते. तेरा डिसेंबरला जोडून गारगोटीत आणि आसपासच्या गावांत असा दिवस झाला, तर हुतात्म्यांची आठवण आणि गावाची आठवण दोन्ही एकदम जागतील. खर्च काही नाही, लागतो तो एक दिवस.

शेतकरी बंधुभगिनींनो, सातबाऱ्यावर आपले नाव बरोबर लागावे म्हणून आपण तलाठ्याकडे किती हेलपाटे घालतो! ज्यांनी ती जमीन नांगरून, बांध घालून आपल्या हाती दिली, त्यांचे नाव फोटोमागे लिहायला तलाठी लागत नाही, फी लागत नाही. शिसपेन्सील लागते, आणि विचारायला घरातले म्हातारे माणूस लागते. ते आहे तोवर विचारून घ्या.