चौथी हाक

नाताळच्या पर्वावर येशू ख्रिस्तांच्या करुणेचे स्मरण करताना पुणे जिल्ह्यातील केडगाव आपल्या मनात उभे राहते. पंडिता रमाबाईंचे मातापिता दुष्काळात अन्नावाचून गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुली व विधवांना त्यांनी आसरा दिला. त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद झाले, आजही असतील; परंतु भुकेची वेदना स्वतः भोगलेल्या त्या माउलीने केवळ घास देऊन समाधान मानले नाही. केडगावच्या मुक्ती सदनात स्त्रिया विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. अंध भगिनींनाही विद्या मिळाली. आश्रिताला उपकाराखाली न दडपता त्याच्या पायांवर उभे करणे, हीच खरी दया होय.

येशूंच्या दृष्टांतात घायाळ वाटसरूची शुश्रूषा करतो तो तुच्छ मानलेल्या समाजातील एक शोमरोनी. आपण मात्र दया बहुधा परक्यांसाठी राखून ठेवतो. दारच्या याचकाला पसाभर धान्य घालतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या चौथ्या हाकेला त्रासून ‘ओ’ देतो. ती चौथी हाक पहिल्या हाकेच्याच मायेने ऐकावी. करुणेचा आरंभ आपल्या घरी तेथूनच होईल.