फुकट सॉफ्टवेअरचा पैसा कुठून येतो?

नवा लॅपटॉप घरी आला की पहिल्या तासाभरातच त्याच्या मागण्या सुरू होतात. कंपनीने आधीच भरून दिलेला अँटिव्हायरस ‘तीस दिवस मोफत’ म्हणत कोपऱ्यातून डोकावतो, ऑफिसचा संच महिनाभराच्या चाचणीपुरता चालतो आणि ओळखीचा दुकानदार ‘सगळं टाकून देतो’ म्हणत क्रॅक केलेल्या प्रतींचा पेनड्राइव्ह काढतो. मुलीच्या कॉलेजसाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी चाळीस-पन्नास हजार मोजून यंत्र घेतलेल्या घरात सॉफ्टवेअरसाठी पुन्हा खिशात हात घालायची तयारी नसते, आणि ते रास्तच आहे. रोजच्या कामाचं जवळजवळ सगळं सॉफ्टवेअर आज कायदेशीररीत्या फुकट मिळतं. मात्र ते निवडताना सोयींची यादी वाचण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : हे बनवणाऱ्यांचा खर्च कोण भागवतं?

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, ते अवास्टच्या प्रकरणात दिसलं. प्रागमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या या कंपनीचा फुकट अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोकांनी विश्वासाने बसवला होता. आपण उघडू ती प्रत्येक वेबसाइट धोक्याची आहे का, हे त्याचं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन तपासायचं. तपासायचं तर पत्ता कळायलाच हवा. म्हणजे कोणत्या आजाराबद्दल वाचलं, कुठल्या कर्जाची चौकशी केली, कोणत्या पक्षाचं पान पाहिलं, याची सेकंदासकट नोंद कंपनीकडे जमा होत होती. जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत या नोंदी शंभराहून अधिक कंपन्यांना विकल्या गेल्या. जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग या वृत्तसंकेतस्थळांनी हे उजेडात आणलं आणि त्याच महिन्यात जम्पशॉट गुंडाळण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जाहिरातींसाठी विकायला बंदी केली. चोरापासून राखण करायला ठेवलेल्या सॉफ्टवेअरनेच घरातल्या हालचाली विकल्या, ही गोष्ट मला आजही संतापजनक वाटते.

आम्ही नावं आणि ईमेल काढूनच माहिती देत होतो, असा कंपनीचा बचाव होता. पण नाव काढल्याने माणूस लपत नाही, हे त्याच्या वीसहून अधिक वर्षं आधी सिद्ध झालं होतं. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातल्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नाव-पत्ता गाळलेला होता आणि गोपनीयता सुरक्षित आहे, असा निर्वाळा गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिला होता. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. गव्हर्नर तिथेच राहत. त्यांच्याच जन्मतारखेचे मतदार यादीत सहा निघाले, त्यातले पुरुष तीन आणि त्यांच्या पिनकोडातला एकच. तीच जन्मतारीख, तेच लिंग आणि तोच पिनकोड रुग्णालयाच्या नोंदींतही होता. स्वीनी यांनी गव्हर्नरांचीच वैद्यकीय माहिती त्यांच्या कार्यालयात पाठवून दिली! पुढे २००० साली त्यांनी अंदाज मांडला की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. अवास्टकडे तर वर्षानुवर्षांचं ब्राउझिंग होतं. अमुक सेकंदाला अमुक वस्तूची ऑर्डर कोणी दिली, हे त्या ऑनलाइन दुकानाला माहीतच असतं. नोंदीतली वेळ जुळली की त्या यंत्रामागचा माणूस सापडला.

मग नव्या विंडोज लॅपटॉपवर कोणता अँटिव्हायरस बसवावा? घरगुती वापरासाठी माझं उत्तर आहे : वेगळा कोणताच नको. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर यंत्रातच येतो आणि त्याची किंमत विंडोजच्या परवान्यात आपण आधीच भरलेली असते. दुसरा अँटिव्हायरस बसला की तो आपणहून बाजूला होतो. चाचणीवरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल केला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. तेव्हा पहिल्या दिवशीचं पहिलं काम काही बसवण्याचं नसून काढून टाकण्याचं आहे. डिफेंडरही संशयास्पद फायलींचे नमुने मायक्रोसॉफ्टकडे पाठवतो. ते नको असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये तो पर्याय बंद करता येतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरविरुद्ध ठरावीक फोल्डरांना पहारा देणारी सोयही तिथेच आहे, पण ती मुळात बंद असते. चालू केल्यावर एखाद्या साध्या सॉफ्टवेअरलाही ती अडवते, मग त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

अँटिव्हायरस जागा आहे का, हे घरच्या घरी बघता येतं आणि मुलांना ते जरूर दाखवावं. आयकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक ओळ ठरवून दिली आहे. संस्थेच्या वेबसाइटवरून ती उचलून नोटपॅडमध्ये चिकटवली आणि फाइल सेव्ह केली की डिफेंडर तिच्यावर झडप घालतो. त्या ओळीत अपाय करणारं काहीच नाही. जुन्या डॉस यंत्रावर चालवली तर ती पडद्यावर एक संदेश छापून थांबते. पण बहुतेक सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ती ‘ओळखीचा गुन्हेगार’ म्हणून आपापल्या यादीत घातली आहे. जुन्या काळी अँटिव्हायरसचं सगळं काम असं ठशांवर चालायचं. आता रोज नवी रूपं येतात, म्हणून फाइल काय करते आहे याच्यावरही नजर ठेवावी लागते : एकामागून एक फोटो कुलूपबंद करू लागली, विंडोजच्या फायलींत हात घालू लागली, की थांबवायचं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअरही अशीच लुडबुड करू शकतं आणि म्हणूनच त्याच्या सूचनांमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं बरेचदा लिहिलेलं असतं. तो पेनड्राइव्ह नम्रपणे परत करावा.

ज्यांना अँटिव्हायरस विकतच घ्यायचा आहे, त्यांचाही मार्ग सरळ आहे. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून नव्वदच्या दशकात क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. असे पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा खर्च कोण भागवतं, हे तरी पावतीवर लिहिलेलं असतं. आणि यंत्राला लागण झालीच, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर ती काढण्याची साधनं फुकट मिळतात.

स्वीनी यांच्या कामाचा उपयोग उलट्या दिशेनेही होतो, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आपला पासवर्ड एखाद्या चोरीत फुटला आहे का, हे तपासायचं आहे. पण तपासण्यासाठी तो कोणाला सांगितला, तर तिथेच फुटला. ऑस्ट्रेलियाचे ट्रॉय हंट २०१३ पासून ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा चालवतात, तिथे फुटलेल्या पासवर्डांचा प्रचंड साठा आहे. २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीच्या जुनेद अली यांनी त्यासाठी एक युक्ती काढली. पासवर्ड आधी आपल्याच यंत्रात हॅश नावाच्या गणिती प्रक्रियेतून जातो आणि त्याची ४० अक्षरांची मालिका बनते. मालिकेवरून उलट गणित करून पासवर्ड काढता येत नाही. ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द पासवर्ड म्हणून ठेवला, तर मालिका ५-बी-ए-ए-६ अशी सुरू होते. सेवेकडे फक्त ही पाच अक्षरं जातात. अशा पाच अक्षरांचे १०,४८,५७६ गट पडतात. सेवा आपल्या गटातल्या शेकडो मालिका परत पाठवते आणि उरलेली ३५ अक्षरं त्यात आहेत का, हे आपलं यंत्र स्वतः पाहतं. आपण फक्त प्रभाग क्रमांक सांगायचा, समोरून प्रभागाची अख्खी मतदार यादी मिळणार आणि नाव आपण घरी बसून शोधायचं, तसं हे आहे. कोणाचा शोध चालला होता, हे यादी देणाऱ्याला कळत नाही. एका माणसाला गर्दीत मिसळून टाकण्याची जी कल्पना स्वीनी आणि पिएरांजेला समाराती यांनी १९९८ मध्ये मांडली, तिचीच ही रोजच्या वापरातली आवृत्ती.

ही तपासणी बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्येही आहे. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड बनवून लक्षात ठेवण्याचं काम हे सॉफ्टवेअर करतं. फुकट आवृत्ती घरच्या वापराला पुरते, खर्च कंपन्यांच्या आणि प्रीमियम ग्राहकांच्या वर्गणीतून निघतो. माहिती इंटरनेटवर ठेवायची भीती वाटत असेल तर कीपास घ्यावं. डॉमिनिक राइशल यांचं हे सॉफ्टवेअर २००३ पासून आहे आणि सगळं एका कुलूपबंद फायलीत आपल्याच यंत्रावर ठेवतं. त्या फायलीची दुसरी प्रत मात्र आपणच ठेवायची. कोणतंही घेतलं तरी मुख्य पासवर्ड चांगला लांब हवा. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्या कुलपासकट चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा त्यांना धोका सर्वांत जास्त होता.

ब्राउझरमध्ये मी एकच एक्स्टेन्शन बसवायला सांगेन : यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट ते अडवतं. कॅनडातले रेमंड हिल ते लिहितात आणि देणगीसुद्धा घेत नाहीत. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची फक्त ‘लाइट’ आवृत्ती चालते, पूर्ण आवृत्ती हवी तर फायरफॉक्स. फायरफॉक्सच्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलला शोधयंत्र म्हणून पहिलं स्थान देण्यातून येतं, हेही माहीत असावं. ते शोधयंत्र दोन क्लिकमध्ये बदलता येतं.

जाहिराती अडवणं हा सुरक्षेचाच भाग आहे. सर्चमध्ये सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की वर येणारा पहिला दुवा बरेचदा जाहिरातीचा असतो, आणि तो हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटवर नेऊ शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना अशा जाहिरातींपासून सावध करत जाहिरातरोधक वापरायचा सल्ला दिला होता. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह इथे कामाला येत नाही. वाटेत कोणी वाचणार नाही एवढंच ते सांगतं, पलीकडचा माणूस खरा की भामटा हे सांगत नाही.

खऱ्या वेबसाइटचं महत्त्व आपल्याकडे व्हीएलसीच्या निमित्ताने कळलं. पॅरिसच्या इकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा व्हिडिओ प्लेअर, हवी ती फाइल चालवणारा आणि एकही जाहिरात न दाखवणारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याची अधिकृत वेबसाइट भारतात बंद केली गेली आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा उघडली. मधल्या काळात लोक मिळेल तिथून प्रती उतरवत राहिले. सुरक्षेच्या नावाखाली याहून उलटा परिणाम क्वचितच साधला गेला असेल. तेव्हाची प्रत अजून कोणाकडे असेल तर ती काढून अधिकृत ठिकाणाहून नवी घ्यावी.

लेखन आणि हिशेबासाठी लिबरऑफिस. बर्लिनची डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था २०१० पासून देणग्यांवर ते चालवते. त्याचे मेनू मराठीतही करता येतात. वर्डच्या फायली उघडतात, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधीकधी हलते. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवावं. मराठी टायपिंगचे कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा देखणा फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतो. फायली आवळायला आणि उघडायला ७-झिप. विंडोजशिवाय, डॉस म्हणून विकला जाणारा स्वस्त लॅपटॉप घेतला असेल तर उबुंटूसारखं लिनक्स पूर्ण फुकट आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात.

यातल्या बहुतेकांचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे, याचा अर्थ ती आपोआप सुरक्षित ठरतात असा नाही. लिनक्समध्ये सर्वत्र वापरली जाणारी एक्सझेड ही छोटी प्रणाली बराच काळ एकच माणूस मोबदल्याशिवाय सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवलं की दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो माग काढत गेला, आणि कोड खुला असल्यामुळे त्याला थेट मुळापर्यंत पोहोचता आलं. खर्च कोणीच भागवत नसेल, तर तोही धोकाच. म्हणून जे रोज वापरतो त्या प्रकल्पाला वर्षातून एकदा शंभर-दोनशे रुपये द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

यंत्र लावून झाल्यावर आणखी एक काम राहतं. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की संपूर्ण डिस्क आपोआप कुलूपबंद होते. लॅपटॉप चोरीला गेला तरी फायली वाचता येत नाहीत. मात्र दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, आणि ती नसेल तर फोटो, प्रबंध, हिशेब सगळं गेलं. ही की त्याच खात्यात उपकरणांच्या माहितीखाली सापडते. ती आजच काढून कागदावर छापावी, लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये, घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावावी आणि घरातल्या आणखी एकाला ती कुठे आहे ते सांगून ठेवावं.