मैदानावरचा अचानक मृत्यू: दोष व्यायामाचा की उन्हाचा?



शाळेच्या मैदानावर धावता धावता एखादं मूल कोसळल्याची बातमी आली की कुणी म्हणतं व्यायाम जास्त झाला, कुणी म्हणतं ऊन लागलं. मग काही पालक मुलांचं खेळणंच बंद करतात. म्हणूनच, संशोधक या प्रश्नाकडे कसं बघतो हे समजून घ्यायला हवं.

आधी व्यायाम. इटलीतल्या व्हेनेतो भागात १२ ते ३५ वयाच्या मुलामुलींचा अभ्यास झाला. खेळाडूंमध्ये अचानक मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट निघालं. मग खेळ घातक आहे का? तसं नाही. दगावलेल्या बहुतेकांच्या हृदयात आधीपासूनच दोष होता, तो कुणाला कळला नव्हता. व्यायाम हे ठिणगीसारखं काम करतो. दारूगोळा आधीच साठलेला असतो.

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. व्हेनेतोमध्ये १९७९-८० साली वर्षाला एक लाख खेळाडूंमागे ३.६ मृत्यू होत होते; २००३-०४ पर्यंत ते ०.४ वर आले. वाटतं ना, प्रश्न सुटला?

आता इस्रायल बघा. तिथे १९९७ मध्ये असाच कायदा आला. कायद्याआधीच्या दशकात प्रमाण २.५४ होतं, नंतरच्या दशकात २.६६. म्हणजे फरक जवळजवळ शून्य! गंमत पुढे आहे. कायद्याआधीची फक्त दोन वर्षं घेऊन तुलना केली असती, तर तिथेही मोठी घट दिसली असती. कारण ती दोन वर्षंच नेहमीपेक्षा वाईट होती. वाईट वर्षांनंतर आकडा आपसूकच सरासरीकडे परततो आणि श्रेय कायद्याला मिळतं. यामुळे इटलीचा निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण ‘आधीची’ किती वर्षं मोजली, हे विचारावंच लागतं. शिवाय इस्रायलच्या अभ्यासात घटना वर्तमानपत्रांतून शोधल्या होत्या. जी बातमी छापलीच गेली नाही, ती मोजणीतही आली नाही.

आता हवामान. अमेरिकेत शाळकरी फुटबॉलपटूंचे उष्माघाताने होणारे मृत्यू मुख्यतः ऑगस्टमध्ये होतात. दोष उन्हाचा? थांबा. ऑगस्टमध्येच सुट्टीनंतरचा सराव सुरू होतो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि मुलं पहिल्याच आठवड्यात जाड पोशाखात जोरात पळतात. ऊन आणि सराव एकाच वेळी बदलतात, म्हणून एकट्या उन्हाला जबाबदार धरता येत नाही. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो. आणि ‘ऊन’ तरी नेमकं कसं मोजायचं? खेळासाठी वापरतात त्या डब्ल्यूबीजीटी निर्देशांकात ओल्या फडक्याच्या तापमानाला ७० टक्के वजन असतं, साध्या तापमानाला फक्त १०. म्हणून कोरड्या ३८ अंशांपेक्षा दमट ३४ अंश जास्त धोक्याचे ठरू शकतात.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना तीन प्रश्न विचारा: घटना कुठून मोजल्या, तुलना किती वर्षांची, आणि सोबत आणखी काय बदललं?

आणि घरी कुणी विचारलं तर एवढंच सांगा: खेळ बंद करू नका. पण पळताना मूल बेशुद्ध पडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.