ख्रिस्तनिष्ठा व तडजोडीची मर्यादा

श्रद्धेची कसोटी केव्हां लागते, असें कोणी विचारलें असतां बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रोममधील सिंहांचे आखाडे किंवा बाबेलांतील अग्नीची भट्टी उभी राहते. असे प्रसंग पूर्वीं ओढवले ह्यांत संशय नाहीं. परंतु आपल्या ह्या धाराशिव जिल्ह्यांत, ज्यास परवांपरवांपर्यंत उस्मानाबाद म्हणत, आमच्यापैकीं कोणावर सिंह सोडण्यांत येईल असा संभव दिसत नाहीं. आमची कसोटी निराळ्या ठिकाणीं लागते. ती शाळेच्या दाखल्यावरील एका रकान्यांत लागते, मित्राच्या घरच्या ताटावर लागते, जत्रेच्या वर्गणीच्या यादींत लागते. तेथें कोणी तरवार उपसून उभा नसतो. उलट आपलीं प्रेमाचीं माणसेंच भोंवतीं असतात, आणि तीं म्हणतात, "एवढ्यानें काय होतें? मनांत देव असला म्हणजे झालें." ह्या गोड वाक्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, तडजोड ही सर्वस्वी वाईट वस्तु नव्हे. तुळजापूरची भवानी, तेरचे गोरोबाकाका व धाराशिवचा उरूस हीं सारीं जेथें एका जिल्ह्यांत नांदतात, तेथें शेजाऱ्याशीं मिळूनमिसळून वागल्यावांचून कोणाचाच संसार चालावयाचा नाहीं. प्रेषित पौलाचें उदाहरण पहा. त्यानें तीमथ्याची सुंता करविली. कारण त्यायोगें यहूदी लोकांत काम करणें सुलभ होणार होतें. तोच पौल तीताच्या बाबतींत मात्र तिळभर मागें सरला नाहीं. कारण तेथें कांहीं लोक सुंतेचा आग्रह धरून सुवार्तेनें दिलेल्या स्वातंत्र्यावरच घाला घालूं पाहत होते. बाहेरची कृति एकच. पण एके ठिकाणीं ती प्रेमानें दिलेली सवलत होती, दुसऱ्या ठिकाणीं ती सत्याचा त्याग ठरली असती.

नैवेद्याच्या अन्नासंबंधानेंही करिंथ येथील मंडळीस त्यानें असाच विवेक शिकविला. मूर्ति ही कांहीं नाहीं हें आपण जाणतों, म्हणून मित्राच्या घरीं जें पुढें येईल तें चौकशा न करतां आनंदानें खावें. परंतु हें देवास वाहिलेलें आहे असें कोणी सांगितलें, आणि आपल्या खाण्यास पूजेचा अर्थ येऊं लागला, तर सांगणाऱ्याच्या व दुर्बळ बंधूच्या मनाचा विचार करून तें खाऊं नये. ह्यावरून एक सरळ नियम हातीं येतो. ज्या ठिकाणीं आपली सोय, आपली सवय किंवा आपला अभिमान सोडावा लागतो, तेथें खुशाल सोडावा. ज्या ठिकाणीं प्रभूचें नांव नाकारावें लागतें किंवा असत्य बोलावें लागतें, तेथें थांबावें.

ही मर्यादा आपल्या महाराष्ट्रांत प्रत्यक्ष जगून दाखविणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. विशेष हा कीं, त्यांच्यावर दडपण आलें तें एका बाजूनें नव्हे, दोन्ही बाजूंनीं. इंग्लंडांत वांटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीमंडळानें त्यांस व त्यांच्या लहानग्या मनोरमेस आश्रय दिला होता. आतां बाईंनीं धर्माधिकाऱ्यांचें म्हणणें निमूटपणें मानावें, अशी त्या उपकारकर्त्यांची अपेक्षा होती. बाईंनीं शाकाहार सोडला नाहीं. त्यांत भगिनी जेराल्डिन ह्यांस जातीच्या अभिमानाचा अंश दिसला. त्रैक्याच्या सिद्धांतासारख्या गहन विषयांत जें अद्याप मनास पटलें नाहीं, तें पटलें असें सांगण्यास बाईंनीं साफ नकार दिला, व तो नकार पत्रोपत्रीं कारणांसह लिहून कळविला. शत्रूपुढें नाहीं म्हणणें सोपें. ज्याचें अन्न खाल्लें त्याच्यापुढें नम्रपणें नाहीं म्हणणें फार कठीण. परंतु न पटलेल्या गोष्टीस होकार देणें हेंही असत्यच, हें त्या ओळखून होत्या.

दुसरें दडपण स्वदेशीं आलें, आणि तें अधिक जड होतें. अमेरिकेंतील मित्रांच्या साह्यानें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस बाईंनीं शारदासदन काढलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. उच्चवर्णीय विधवा मुलींस तेथें शिक्षण मिळे. त्यांचे जातिनियम पाळण्याची मोकळीक त्यांस होती, व सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं असें ठरलें होतें. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळांत होते. बाईंनीं आपलें वचन पाळलें. परंतु त्या स्वतः आपल्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत, आणि त्या वेळीं खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या.

ह्यावरून पुण्यांत वादळ उठलें. केसरीसारख्या पत्रांनीं कडक टीका केली. टीकाकारांची भीति निव्वळ द्वेषाची होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. पालकांनीं विश्वासानें मुली पाठविल्या होत्या, आणि मुलींचीं मनें ख्रिस्ताकडे वळतील हा त्यांचा तर्क खोटा नव्हता. पुढें कांहीं मुलींनीं बाप्तिस्मा घेतलाही. बाईंपुढें मार्ग अगदीं सोपा होता: दार लावून घ्यावें. प्रार्थना चालू राहिली असती, सदन सुरक्षित राहिलें असतें, थोरांचा पाठिंबा टिकला असता. "एवढ्यानें काय होतें?" असें कोणीही म्हटलें असतें. परंतु बाईंनीं दार लावलें नाहीं. कोणास बोलावणें नाहीं, आणि कोणास हुसकावून लावणें नाहीं, हाच त्यांचा बाणा राहिला. १८९३ च्या ऑगस्ट महिन्यांत सल्लागारांनीं राजीनामे दिले, व वीस-पंचवीस मुली पालकांनीं काढून नेल्या.

त्या वेळीं बाईंचें काम संपलें असेंच पुष्कळांस वाटलें असेल. तसें घडलें नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली त्यांनीं आणल्या, आणि केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. निजामाच्या राज्यांत गुलबर्गा येथेंही त्यांनीं शाळा काढली. आपला जिल्हाही त्या काळीं त्याच राज्यांत होता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, तोंवर मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्याचें प्रचंड काम त्यांनीं पुरें केलें होतें. निष्ठेस नेहमीं असें दृश्य फळ येतेंच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. फळ आलें नसतें तरी त्या उघड्या दाराची योग्यता तीच राहिली असती.

आपल्या मराठवाड्यांतही अशी परंपरा आहे. नारायण शेषाद्रि ह्यांनीं १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि ब्राह्मण घरचे पाश तुटले असतां ते पुढें जालन्याच्या बाजूस गोरगरीब महार-मांग बंधूंत येऊन राहिले. तेथें सालारजंगानें दिलेल्या जमिनीवर त्यांनीं बेथेल हें गांव वसविलें. परंतु ज्यांचीं नांवें कोठेंही छापलीं गेलीं नाहींत, अशांची परीक्षा ह्याहून खडतर होती. गांवकीचें काम करून बलुत्यावर पोट भरणारा मनुष्य ख्रिस्ती झाला, म्हणजे पालखीपुढें हलगी वाजवावयाची कीं नाहीं हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राही. नाहीं म्हणावें तर बलुतें बंद, विहिरीवर अडवणूक, आणि कधीं स्वतःच्या भाऊबंदांचाही अबोला. त्याच्या निष्ठेची किंमत भाकरींत मोजली जात असे.

आज हलगीच्या जागीं कागद आला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यांत आल्या. १९५६ सालीं त्यांत शीख बांधवांचा व १९९० सालीं बौद्ध बांधवांचा समावेश झाला. ख्रिस्ती लोकांचा झाला नाहीं. महाराष्ट्रांत अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गांत होते, व त्या सवलती कमी पडतात. म्हणून रविवारीं उपासनेस जाणारें एखादें कुटुंब मुलाच्या दाखल्यावर 'हिंदु' असें लिहवून घेतें. बाप मजूर, मुलगा हुशार, शिष्यवृत्तीवांचून पुढचें शिक्षण अशक्य: अशा बापास दोष देण्यास आमची लेखणी धजत नाहीं. ज्याचें पोट भरलें आहे त्यानें उपाशी मनुष्यास निष्ठेचे धडे देणें शोभत नाहीं.

तरीही सत्य सांगितलेंच पाहिजे. तो रकाना म्हणजे सवय किंवा अभिमान नव्हे. तो आपल्या तोंडचा शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही २६ नोव्हेंबर १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं अशाच एका प्रकरणांत, केवळ आरक्षणासाठीं न मानलेला धर्म सांगणें ही राज्यघटनेशीं प्रतारणा होय, असा निर्णय दिला आहे. कायदा अन्यायाचा वाटत असेल तर तो बदलण्यासाठीं अर्ज करावा, न्यायालयांत दाद मागावी; केंद्र सरकारनें २०२२ सालीं ह्या प्रश्नाच्या विचारार्थ आयोग नेमला, तो अशा मागण्यांमुळेंच. आणि मंडळीवरही मोठें ओझें आहे. जी मंडळी मजुराच्या मुलास खरें लिही म्हणून सांगते, तिनें त्याच्या फीचा व पुस्तकांचा भार वांटून घेतला पाहिजे. नाहीं तर तिचा उपदेश वाऱ्यावर गेला.

शेवटीं एक गोष्ट आमच्या हिंदु, मुसलमान व बौद्ध विद्यार्थीमित्रांसाठीं. उघडें दार हें दोन्ही बाजूंस उघडें असतें. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणासही त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून उपासनेस बसवितां येत नाहीं, असें आपली घटना सांगते. आणि ज्यास स्वतःच्या विवेकाची चाड आहे, त्यास हा नियम जाचक वाटूं नये. दडपणाखालीं केलेली प्रार्थना ही दडपणाखालीं नाकारलेल्या प्रभूइतकीच पोकळ होय. जो आपल्या श्रद्धेचा मान राखतो, त्यानेंच दुसऱ्याच्या श्रद्धेचाही राखावा.

तेव्हां, विद्यार्थीबंधुभगिनींनो, जत्रेच्या दिवसांत मित्राच्या घरीं अवश्य जा, त्याच्या आईस नमस्कार करा, तिच्या हातची पुरणपोळी खा; आणि पूजेंत भाग घेण्याची वेळ आली म्हणजे हंसतमुखानें, हात जोडून, "मावशी, एवढें मला क्षमा करा" म्हणा. बहुधा ती रागावणार नाहीं. रागावलीच, तर तिचा राग सोसा, पण तिचें घर तोडूं नका. दानीएलानें राजाज्ञा निघाल्यावर नवीन कांहीं केलें नाहीं. तो पूर्वीं जशी प्रार्थना करीत असे तशीच, खिडक्या उघड्या ठेवून, करीत राहिला. तेवढेंच आपणांपाशीं मागितलें आहे.