टक्काभर तांबं, बाकी सगळा दगड

कुणाच्या विहिरीचं काम निघालं की दोन-चार दिवसांत एक हिरवट दगड माझ्या ओट्यावर येतो. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत भूवैज्ञानिक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन खुलताबादेत परत आलो, त्याची ही शिक्षा म्हणा. "काका, तांबंच ना हे?" काळ्या दगडाच्या पोकळीत हिरवा लेप बसलेला असतो, दिसायलाही छान. मी फरशी धुवायचं ॲसिड काढतो, काचेच्या बरणीत दगडाचा चुरा भिजत घालतो आणि घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात सोडतो. तांबं असेल तर खिळ्यावर लालसर पापुद्रा चढायला हवा. आपल्या तालुक्यातल्या दगडानं अजून एकही खिळा लाल केलेला नाही. तो हिरवा रंग सेलाडोनाइट नावाच्या खनिजाचा असतो आणि त्याला कारण लोखंड. (पोरांनी घरी हा उद्योग करू नये.)

मग मला सांगावं लागतं की तांबं आपल्याही दगडात आहे, पण काढण्याजोगं नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या एका टनात साधारण शंभर-दोनशे ग्रॅम तांबं सापडतं. पण ते भाकरीच्या पिठातल्या मिठासारखं सगळीकडे मुरलेलं. ते वेचून एका जागी आणायचं काम निसर्गानं इथं केलं नाही. ते जिथं केलं, ती जागा गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे: मलाजखंड.

मलाजखंडचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा, वय सुमारे २५० कोटी वर्षं. जमिनीखाली शिलारस थंड होत आला की त्यातून खारट, गंधकयुक्त, प्रचंड तापलेलं पाणी सुटतं. ते भेगांतून वर सरकताना तांबं सोबत घेतं आणि निवताना भेगेतच सोडून देतं. सोबत गारगोटीही साचते. मलाजखंडला अशी गारगोटीची एक जाडजूड, धनुष्यासारखी वाकलेली भिंत तयार झाली, अडीच किलोमीटरच्या आसपास लांब आणि पूर्वेकडे तीव्र उतारानं जमिनीत घुसलेली. तांबं या भिंतीत आणि तिच्या कडेच्या ग्रॅनाइटमध्ये आहे. वरचा भाग ऊन-पावसात गंजून मॅलॅकाइट या तांब्याच्या खनिजाचे खरे हिरवे डाग टेकडीवर आले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं तिथं कसून शोध घेतला आणि १९८२ मध्ये हिंदुस्थान कॉपरचा प्रकल्प उभा राहिला. टेकडी होती तिथं आता दोन किलोमीटरच्या आसपास लांबीचा खड्डा आहे.

लोकांना वाटतं खाणीत तांबं चमकत असेल. मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक. रंग पितळेसारखा. त्याच्याच शेजारी पायराइट असतं, तेही पिवळं, आणि नवा माणूस हमखास फसतो. चाकूनं ओरखडा काढून बघायचा: चाल्कोपायराइटवर उमटतो, पायराइटवर नाही. शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये ३४ टक्क्यांहून थोडं जास्त तांबं असतं, पण ते दगडात ठिपक्या-ठिपक्यांनी असतं. म्हणून अख्ख्या दगडाचा हिशेब केला तर टक्काभर तांबं भरतं. तेवढं भरलं तरी आम्ही खूश.

आता खरी गोम. हा टक्का प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. दहा पावलं इकडे दीड टक्का, दहा पावलं तिकडे काहीच नाही, आणि दोन्ही दगड दिसायला भाऊ-भाऊ. शॉवेल यंत्रानं उचललेला दगड कारखान्यात जाणार की टाकाऊ दगडाच्या ढिगावर, म्हणजे डंपावर, हे ठरवणं म्हणजे माझी नोकरी.

खाण पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. एकेक पायरी दहा-बारा मीटर उंच, तिला बेंच म्हणतात. बेंचवर ठरावीक अंतरानं ड्रिल मशीन भोकं पाडतं. भोकातून उडालेल्या भुकटीचा तोंडाशी शंकू जमतो. त्या शंकूचा उभा छेद घेऊन, वरपासून बुडापर्यंतचा माल पिशवीत भरायचा. नुसता वरचा माल उचलला तर भोकाच्या तळाचाच दगड हाती येतो, कारण शेवटी निघालेली भुकटी सगळ्यांत वर बसते. नवीन पोरं हमखास वरचीच मूठ उचलतात. पिशवीवर भोकाचा नंबर टाकून ती प्रयोगशाळेत पाठवायची. आकडे आले की नकाशावर एकेका भोकाशी टक्केवारी लिहायची आणि पेन्सिलीनं रेघ ओढायची: ही ओर, म्हणजे तांबं काढायला परवडणारा दगड; हा कमी प्रतीचा माल; हा वेस्ट, म्हणजे टाकाऊ. मग सर्व्हेवाले तीच रेघ बेंचवर चुन्यानं मारतात आणि झेंड्या लावतात.

त्यानंतर भोकांत स्फोटकं भरतात, वरून दगडाच्या चुऱ्यानं तोंड बंद करतात, भोंगा होतो, माणसं लांब जातात. भोकं एकदम उडत नाहीत. काही हजारांश सेकंदांच्या फरकानं एकामागून एक उडतात, म्हणजे दगड नीट फुटतो आणि हादरा कमी बसतो. धूळ बसल्यावर बघावं तर बेंचचा ढिगारा झालेला आणि आपली चुन्याची रेघ गायब! ढिगारा सरकलेला असतो, त्याच्यासोबत ओरची हद्दही. किती सरकली याचा अंदाज घेऊन झेंड्या पुन्हा लावायच्या आणि रात्रपाळीच्या शॉवेल ऑपरेटरला समजावून सांगायचं. ओर डंपावर गेली तर ती गेलीच. वेस्ट कारखान्यात गेला तर तो दळायला फुकटची वीज जळते, आणि दळणासारखं वीज खाणारं दुसरं काम तिथं नाही.

ही रेघ कायमची नसते. तांब्याचा भाव वर गेला की काल टाकून द्यायचा दगड आज परवडतो. दगड तोच, टक्का तोच. म्हणून शहाण्या खाणीत कमी प्रतीच्या मालाचा ढीग वेगळा ठेवतात. खाणीत किती तांबं शिल्लक आहे, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कोणत्या भावाला?

खड्ड्याच्या कडांबद्दलही लोक विचारतात, कारण आपल्या तालुक्यातच वेरूळचं कैलास लेणं आहे. ते वरून खाली कोरत नेलं, मागचा कडा तेहतीस मीटरच्या आसपास, जवळजवळ सरळ उभा, आणि बाराशे वर्षं टिकून आहे. मग खाण अशी सरळ का खोदत नाहीत? लेण्याचे तेहतीस मीटर आणि खाणीच्या खड्ड्याचे दोनशे मीटर यांत फरक आहे, शिवाय ग्रॅनाइट भेगाळलेला, रोजच्या स्फोटांनी हादरलेला. एवढा उंच कडा सरळ उभा राहणार नाही. म्हणून भिंत तिरपी ठेवावी लागते. ४५ अंशांचा उतार धरला तर तळ एक मीटर खाली न्यायला काठ प्रत्येक बाजूनं एक मीटर मागे सरकवावा लागतो, आणि मागे सरकवलेला सगळा दगड निरुपयोगी. एक टन ओरसाठी तीन-चार टन वेस्ट उचलायची वेळ सहज येते. त्यात भरलेला डंपर वर चढेल असा रस्ताही या भिंतीतच बसवायचा.

काळजी घेऊनही दरड कोसळते. अमेरिकेत यूटाहमध्ये बिंगहॅम कॅन्यन ही जगातल्या सर्वांत खोल उघड्या खाणींपैकी एक. १० एप्रिल २०१३ रोजी तिथं सुमारे दीड तासाच्या अंतरानं दोन अवाढव्य दरडी खाली आल्या. भिंत सरकतेय हे रडारनं आधीच टिपलं होतं, माणसं बाहेर काढली होती. कुणाला ओरखडाही आला नाही.

जाता जाता: कैलासाचा उल्लेख इ.स. ८१२ च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटात आहे, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कामगिरीत. तांब्याचा पत्रा राष्ट्रकूटांना बाहेरूनच आणवावा लागला असणार, कारण ज्या दगडात त्यांनी लेणं कोरलं त्यातून तो निघत नाही.

कारखान्याचं थोडक्यात सांगतो. ओर क्रशरमध्ये फोडतात, मग पोलादी गोळ्यांच्या फिरत्या गिरणीत पाणी घालून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून बारीक दळतात. हा राडा टाक्यांत घेऊन त्यात थोडं रसायन टाकतात. ते चाल्कोपायराइटच्या कणांना तेवढं चिकटतं आणि त्यांना पाणी नकोसं होतं. खालून हवा सोडली की हे कण बुडबुड्यांना धरून वर येतात आणि फेस काठावरून सांडतो. चुनकळी घालून पायराइटला खाली दाबून ठेवतात. वाळवल्यावर २५ टक्क्यांच्या आसपास तांबं असलेली पूड मिळते, ती पुढे भट्टीकडे जाते. हिशेब सोपा आहे: एक टक्क्याची १०० टन ओर घेतली तर साडेतीन-चार टन पूड, बाकी ९६ टन गाळ. तो धरणासारख्या बंधाऱ्यामागे साठवतात. दोन किलोच्या हंड्यामागे दोन क्विंटलहून जास्त ओर दळली जाते, वेस्ट वेगळा.

वेस्टच्या ढिगांचा खरा त्रास नंतर सुरू होतो. वेस्टमध्ये उरलेल्या पायराइटला हवा आणि पाऊस मिळाला की गंधकाम्ल तयार होतं. ते आम्ल दगडातले धातू विरघळवून ओढ्यात नेतं. मलाजखंडच्या अशा पाण्यावर संशोधकांनी बरंच लिहिलं आहे. चुना घालून आम्ल मारता येतं, पण ढीग आहेत तोवर ते काम संपत नाही. खाण बंद झाली म्हणून पाऊस थांबत नाही. तांब्याचा भाव सांगताना ही किंमत कुणी धरत नाही, याचा मला राग येतो.

महाराष्ट्रात तांब्याच्या खुणा आहेत, चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला आणि नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडीला. दोन्ही ठिकाणं दख्खनच्या काळ्या दगडाबाहेर, जुन्या खडकात. तिकडे मलाजखंडचा खड्डा आणखी खोल नेणं आता परवडत नाही, म्हणून त्याच्या तळाखाली भुयारी खाण खोदली आहे. चिलीतल्या चुकिकामाटा खाणीनंही २०१९ मध्ये हाच रस्ता धरला.

परवा शेजारच्या भाऊसाहेबांनी विचारलं, "आमच्या पोराला मलाजखंडला चिकटवता येईल का?" त्यांना म्हटलं, ओळखीनं काही होत नाही. पोराला आधी मायनिंग मेटचं नाहीतर ब्लास्टरचं प्रमाणपत्र घेऊ द्या, परीक्षा खाण सुरक्षा महासंचालनालयाची असते. पण डंपर चालवायचं स्वप्न असेल तर भुयाराचं काम वेगळं, अंधारातलं, हे त्याला आधीच सांगा.