होडीत पाणी येतं कुठून?

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात देवणीला गेलो होतो. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना शेजारच्या काकांनी विचारलं, "काय शिकायलास म्हणं तिकडं?" मी म्हटलं, "छोट्या मोटारबोटीत पाणी शिरू नये, आणि शिरलं तर आपोआप निघून जावं, ह्यावर पीएचडी करतोय." काका पोट धरून हसले. "आरे, इथं घागरीत पाणी येईना, अन् तू होडीतलं काढायलास!"

त्यांचंही बरोबरच होतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पूर आला, माणसं बोटींतून काढावी लागली, आणि फोन आला तो काकांचाच. "टीव्हीवर दाखवायलेत. बोट तरंगायली, पण आतली माणसं पाण्यात बसलीत. ते पाणी येतंय कुठून? बोट फुटली का काय?"

बोट सहसा फुटलेली नसते. पाणी वरून येतं, आणि बहुतेक वेळा मागून येतं.

आधी वरचं बघू. पाच मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद अशी एक फायबरची बोट डोळ्यासमोर आणा. पाण्याच्या पातळीवर तिचा आडवा छेद साधारण सहा चौरस मीटर भरतो. म्हणजे बोट एक सेंटिमीटर खाली जायला ६० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ६० लिटर म्हणजे ६० किलो, म्हणजेच एक माणूस. हा हिशोब लक्षात ठेवायला फार सोपा आहे: एक माणूस चढला की बोट एक सेंटिमीटर बसली. रिकाम्या बोटीचा काठ पाण्यापासून ३५ सेंटिमीटर उंच असेल, तर दहा माणसांनंतर २५ उरतो. आता सगळे एका बाजूला सरकले आणि बोट आठ अंश कलली, तर त्या बाजूचा काठ आणखी ११ सेंटिमीटर खाली येतो. राहिले १४. ही तुमची वीतसुद्धा नाही, आणि लाट अजून आलेलीच नाही.

आता मागचं. बाहेरून बसवायची मोटार ज्या मागच्या फळीवर टांगतात, ती फळी तिथं मुद्दाम कापून खाली घेतलेली असते, नाहीतर पंखा पाण्यात पोचत नाही. म्हणजे बोटीची भिंत सगळ्यात बुटकी कुठं? मागं. सगळ्यात जड काय? मोटार, पेट्रोलची टाकी आणि चालवणारा, तेही मागंच. शिवाय बोट जोरात चालली असताना चालकानं एकदम वेग तोडला, की बोट थांबते पण तिनं मागं उठवलेली लाट थांबत नाही. ती येऊन त्याच बुटक्या फळीवरून आत उतरते. वाऱ्याच्या लाटेला आपण घाबरतो, पण बोटीला स्वतःच्याच लाटेनं भिजवलेलं मी टाकीतल्या प्रयोगात कितीतरी वेळा पाहिलंय. चांगल्या बोटींत मोटारीच्या पुढं एक वेगळा खोलगा असतो आणि त्याच्या पुढं पूर्ण उंचीची दुसरी भिंत. मागून आलेलं पाणी त्या खोलग्यात पडतं आणि तिथूनच परत जातं. आपल्याकडच्या पुष्कळ बोटींत ती दुसरी भिंत नसते. खर्च वाचतो आणि बसायला एक फळी जास्त मिळते.

"मग बादली कशाला असते?" असं काकांनी विचारलंच. तर बादलीचा हिशोब. बोटीच्या तळाला एक इंची भोक पडलं, ते पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर असलं, तर मिनिटाला साधारण ४० लिटर पाणी आत येतं. हे उपसता येतं. दहा लिटरची बादली मिनिटाला वीस वेळा रिकामी केली तर २०० लिटर गेले. पण काठाचा फक्त एक मीटर भाग, फक्त पाच सेंटिमीटर पाण्याखाली गेला, तर सेकंदाला १९ लिटर आत येतात. मिनिटाला हजाराच्या वर! इथं बादली नाही चालत, पंपही नाही.

आणि आत आलेलं पाणी गप्प बसत नाही. लग्नघरी पाण्यानं भरलेली परात उचलून नेलीय कधी? जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीचं तसंच होतं. ३०० लिटर पाणी म्हणजे पाच माणसांचं वजन, पण ही पाच माणसं अशी की बोट जिकडं कलेल तिकडं एकदम पळत जातील. तळाला बोटीच्या लांबीच्या दिशेनं मधोमध एक आडोसा घातला, तर हा परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. दोन आडोसे घातले तर नवव्या.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात बुडाली. सात जण होते, सहा गेले. एक जण पोहून काठाला लागला. त्या बोटीचं मोजमाप माझ्याकडं नाही, त्यामुळं तिच्याबद्दल निकाल द्यायचा मला अधिकार नाही. पण मे महिन्यातला वळवाचा वारा आणि मोकळं, लांबच लांब पाणी हे एकत्र आलं की काय होतं ते सांगता येतं. वाऱ्याला पाण्यावर जितकं लांब धावायला मिळतं, तितकी लाट मोठी होते. नदीच्या पात्रात वर्षानुवर्षं चाललेली बोट धरणाच्या फुगवट्यावर आली की तिच्यासाठी गणितच बदलतं.

आता माझा विषय. बसायच्या खोलगट जागेची तळफळी बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच ठेवायची आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत भोकं ठेवायची. आत आलेलं पाणी आपल्या वजनानं बाहेर जातं. कुणी हात लावायची गरज नाही. ह्यासाठी आयएसओ ११८१२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पुराच्या वेळी वापरतात त्या हवेच्या बोटींतही ही युक्ती असते: मागच्या फळीत भोक, त्याला सदऱ्याच्या बाहीसारखी कापडी नळी. बोट पळत असताना बाही सोडायची, पाणी मागं ओढलं जातं. थांबताना बाही वर बांधायची.

पण मघाचा हिशोब आठवा. तळफळी पाण्याच्या सात सेंटिमीटर वर आहे आणि तुम्ही दहा माणसं बसवलीत. तळफळी आता पाण्याच्या तीन सेंटिमीटर खाली आहे. जी भोकं पाणी बाहेर काढायला केली, त्यांतूनच ते आत येतंय. मग चालक काय करतो? चिंधीचा बोळा कोंबतो. तो मूर्ख नाही, त्या क्षणी तेच बरोबर आहे. पण नंतर लाट आत आली की तिला जायला वाट नसते. माझ्या मते बोटींच्या सुरक्षिततेतला सगळ्यात अवघड भाग हा बोळा आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

उपाय म्हणून भोकावर बाहेरच्या बाजूनं रबरी झडप लावतात, पाण्याला जाऊ देणारी, येऊ न देणारी. कागदावर छान. जलपर्णीची एक काडी अडकली की झडप उघडीच राहते, आणि उजनीत जलपर्णीला काय तोटा!

म्हणून मी हल्ली दुसऱ्या टोकाकडूनही विचार करतोय: बोट भरलीच तर? फायबर पाण्यापेक्षा जड असतं, भरलेली बोट सरळ तळाला जाते. २५० किलोच्या बोटीला मोटारीसकट पाण्याच्या पृष्ठभागाशी धरून ठेवायला साधारण १५० लिटर बंद जागा लागते. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला तरंगायला पाच-सहा किलोचा आधार पुरतो, म्हणजे दहा जणांचे आणखी ६० लिटर. एकूण झाले डिझेलच्या एका पिंपाएवढे. बाकांच्या खाली आणि काठाच्या आतून पाणी न पिणारा फोम भरला की एवढी जागा होते. बोट वापरायची राहणार नाही, पण धरायला राहील.

काकांना हे फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे पिंपच बांधावं की बाजूला." बाहेरून दोन्ही बाजूंना, काठाशी घट्ट बांधलं तर चुकीचं नाही, काका. पुढच्या महिन्यात झडपेची चाचणी खऱ्या जलपर्णीच्या तुकड्यांवर घ्यायचीय. बोट चालवणारं कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या भोकात नेमकं काय अडकतं, ते खाली जरूर लिहा.