बहात्तर खेड्यांचं स्वराज्य

कोल्हापूर महानगरपालिकेची हद्द सुमारे 66 चौरस किलोमीटर आहे. युरोपात याहूनही लहान असा एक पूर्ण स्वतंत्र देश आहे, हे कळलं की आधी खरं वाटत नाही. सान मारिनोचं क्षेत्रफळ 61 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या चौतीस हजारांच्या आसपास. चहूबाजूंनी इटली, मध्ये तितानो नावाचा डोंगर आणि त्या डोंगरावर हे प्रजासत्ताक. मारिनस नावाच्या पाथरवटानं ते इसवी सन 301 मध्ये स्थापलं, अशी तिथली परंपरा सांगते. ती बाजूला ठेवली तरी 1243 पासून तिथे एक पद्धत चालू आहे: राष्ट्रप्रमुख एक नाही, दोन, आणि तेही फक्त सहा महिन्यांसाठी. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला नवी जोडी येते. पायउतार झालेल्या जोडीच्या कारभाराबद्दल नागरिकांना रीतसर तक्रारही करता येते. खुर्ची ऊबदार व्हायच्या आत सोडायची, हा नियम आठ शतकं पाळला गेला आहे.

1797 मध्ये इटली जिंकत निघालेल्या नेपोलियननं गास्पार मोंज या गणितज्ञाला तिथे पाठवलं. तुमच्याशी मैत्री हवी आहे, शिवाय थोडा आजूबाजूचा मुलूखही घ्या, असा निरोप होता. सान मारिनोनं मैत्री घेतली आणि मुलूख नाकारला. आपल्याकडच्या सरदार घराण्यांच्या कज्ज्यांचे कागद चाळलेल्या माणसाला ही गोष्ट फारच परकी वाटते.

तरीही आपल्या दारात असं काही घडलंच नाही, असं नाही.

1933 मध्ये इंग्रजांनी दख्खनच्या संस्थानांची एजन्सी केली आणि तिचा रेसिडेंट कोल्हापुरात बसू लागला. त्याच्या नकाशात कोल्हापूरच्या बाजूला चिंध्यांसारखे मुलूख पसरलेले होते: सांगली, मिरज थोरली पाती आणि धाकटी पाती, कुरुंदवाडच्याही दोन पात्या, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, जत, फलटण, भोर. त्यातलंच एक औंध. बहात्तर गावं, सुमारे 500 चौरस मैल, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, आणि हे सगळं सलगही नाही. औंध, कुंडल, आटपाडी हे तालुके आजच्या सातारा-सांगलीत, तर चौथा गुणदाळ थेट विजापूरकडे. म्हणजे सान मारिनोच्या वीसपट जमीन, पण सार्वभौमत्व शून्य.

तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे, चित्रं काढणारे, कीर्तन करणारे, 1935 च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली ती यांनीच. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना जे किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं ते हेच.

पण या राजाचं खरं आश्चर्य पुढे आहे. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. त्यांची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन यांच्याशी. हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू अभियंता, बंगळूरच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातून गांधीजींच्या वाटेला लागलेले. भारतानंद हे त्यांचं नवं नाव. (मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे संवाद पुढे इंग्रजीत नेले ते यांनीच. एका आयुष्यात माणूस काय काय करू शकतो!) औंधची सत्ता प्रजेकडे सोपवायची कल्पना या मंडळींनी गांधीजींपुढे ठेवली आणि गांधीजींनी आराखड्यात जातीनं लक्ष घातलं. राजानं आधी स्वतः साधं राहून दाखवावं, हा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर 1938 मध्ये घोषणा झाली आणि 21 जानेवारी 1939 ला औंधची स्वराज्य घटना आली.

या घटनेचा पाया दरबारात नव्हता, गावात होता. गावानं पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांमधून तालुक्याची समिती उभी राहायची आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींमधून संस्थानची विधानसभा. मंत्री त्या सभेला जबाबदार. मतदानाला साक्षरतेची अट होती; लोक त्यामुळे लिहायला-वाचायला शिकतील असा त्यामागचा हिशेब. मला ही अट पटत नाही, कारण कारभाराचा फटका ज्याला सर्वांत आधी बसतो तोच तेव्हा निरक्षर होता. पण मुंबई प्रांतातही त्या काळी मालमत्ता, शिक्षण असले निकष पाहूनच मत मिळत होतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

सान मारिनोशी औंधचं आणखी एक नातं जुळतं. रोमचं प्रजासत्ताक कोसळल्यावर 1849 मध्ये ऑस्ट्रियन फौजेनं पाठलाग केलेला गॅरिबाल्डी सान मारिनोच्या डोंगरावर आश्रयाला आला होता. 1942 नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा भूमिगतांना औंध संस्थानच्या गावांचा मोठा आधार झाला. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड तर कुंडलचेच. लहान राज्याची हद्द अशा वेळी मोठ्या सत्तेच्या पायात अडकते.

मग एक टिकलं आणि दुसरं का नाही? सान मारिनोकडे स्वतःचं सार्वभौमत्व होतं आणि ते राखण्यासाठी आणखी काही न मागण्याचा शहाणपणा होता. औंधच्या डोक्यावर आधी इंग्रजांचं अधिराज्य होतं आणि नंतर सबंध भारताचं स्वातंत्र्य आलं. त्या स्वातंत्र्यासाठीच तर ही सगळी धडपड होती, त्यामुळे औंधचं विलीन होणं हा मला पराभव वाटत नाही. खंत एवढीच की गावापासून वर चढत जाणारी ही रचना विलीनीकरणात सोबत गेली नाही. 8 मार्च 1948 ला औंध मुंबई प्रांतात मिसळलं. कोल्हापूर त्यानंतर वर्षभरानं, 1 मार्च 1949 ला.

त्या नऊ वर्षांतली एक गोष्ट मात्र आजही चालू आहे. 1939 मध्ये आटपाडीजवळ कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत वसवली गेली, जिथे ते कुटुंबासह राहून शेती करत. तिचं नाव स्वतंत्रपूर. शेजारच्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहे, वसाहत फारच थोड्यांना. ती आता महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे.